अकरा तासांची सकाळ

चेन्नईचा विमानतळ स्वभावाने निशाचर आहे. दिवसा तेथे देशांतर्गत विमानांची ये-जा नेमस्तपणे चालू असते. परंतु मध्यरात्र उलटली म्हणजे आखाताकडे, आग्नेय आशियाकडे आणि युरोपाकडे निघालेल्या उतारूंची, त्यांना पोहोचवायला आलेल्या गणगोताची आणि दोरखंडांनी आवळलेल्या खोक्यांची अशी काही रीघ लागते, की पहाटे दोनच्या ठोक्याला मीनंबाक्कमच्या त्या आवारात जेवढी जाग असते तेवढी मैलापूरच्या कपालीश्वराच्या उत्सवाखेरीज या शहरात अन्यत्र क्वचितच आढळावी. विमान कंपन्यांच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. रात्री निघालेला उतारू युरोपात सकाळी उतरतो, पुढच्या गावाचे विमान पकडतो किंवा थेट कामाला लागतो. रात्र प्रवासात खर्ची पडते आणि दिवस शाबूत राहतो. लांब पल्ल्याच्या प्रवासाचा पुष्कळसा हिशेब या गृहीतावर बसवलेला आहे, आणि ज्याला आपण बिझनेस क्लास म्हणतो त्या वर्गाची तर सारी प्रतिष्ठाच त्यावर उभी आहे. कारण त्या वर्गात जी मुख्य चीज विकली जाते ती झोप होय.

या रिवाजाला चेन्नईत एक ठळक अपवाद आहे. लंडनहून दुपारी सुटलेले विमान येथे रात्रीच्या अखेरच्या प्रहरी उतरते, दोन-एक तासांत झाडलोट, इंधन आणि खानपानाचा भरणा उरकून घेते, आणि उजाडण्याच्या सुमारास परत लंडनची वाट धरते. जमिनीवर उभे राहिलेले विमान मालकाला एक पैचीही मिळकत करून देत नाही, त्यामुळे उतारूंच्या निद्रेची सोय पाहून ते संध्याकाळपर्यंत खोळंबून ठेवण्याची तजवीज कोणालाच परवडणारी नसते. परिणाम असा होतो, की या विमानात बसलेला मनुष्य सूर्याबरोबरच पश्चिमेस निघतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तो वेग चेन्नईच्या अक्षांशावर ताशी सुमारे १,६२५ किलोमीटर पडतो आणि लंडनच्या अक्षांशावर १,०४० च्या आसपास. विमान ताशी ९०० च्या बेताने जाते. म्हणजे सूर्य विमानाला मागे टाकतो खरा, परंतु फार सावकाश टाकतो, आणि उत्तरेकडे सरकावे तसतसा अधिकच सावकाश. पहाटे साडेपाचला निघालेले विमान जवळजवळ अकरा तास उडून लंडनला टेकते तेव्हा तेथे बारा वाजायचे असतात. अकरा तासांची सकाळ! अशी लांबलचक सकाळ, जिच्यात दाराची कडी कोणी वाजवत नाही आणि हाक मारून कोणी उठवत नाही, ती गृहस्थाश्रमी माणसाच्या वाट्याला एरवी कोठून यावी?

गेल्या आश्विनात मला ती लाभली, आणि तीही बिझनेस क्लासात. स्वतःच्या कमाईवर हा विलास करण्याची माझी ऐपत नाही. कंपनीच्या कामासाठी सदैव उडत राहणाऱ्या एका भाच्याने साठवलेल्या मैलांच्या पुंजीतून हे तिकीट निघाले, हे आरंभीच नमूद केलेले बरे. दरबारी पाहुणचार घेणाऱ्याने तो कोणाच्या पदरचा होता हे सांगून टाकावे, म्हणजे वाचकाला त्याच्या मताची पारख करता येते.

मीनंबाक्कमची जागा विमानविद्येच्या दृष्टीने जुनी आहे. एका बाजूला परंगी मलै, म्हणजे सेंट थॉमसचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पल्लावरम आणि त्रिशूलमच्या दगडी टेकड्या, आणि मधून वाहणारी अड्यार नदी, जिच्यावर पूल बांधून दुसरी धावपट्टी पलीकडे नेलेली आहे. या नदीने डिसेंबर २०१५ मध्ये आपला हक्क बजावला आणि महापुरात सारा विमानतळ काही दिवस बंद पाडला. देशांतर्गत टर्मिनलला कामराजांचे आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनलला अण्णादुराईंचे नाव आहे. त्यात एप्रिल २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या इमारतीची भर पडली, जिच्या सजावटीत कोलम, साडी आणि मंदिर यांच्या आकृती खेळवलेल्या आहेत. परंतु या शहराचे उड्डाण याहून पुष्कळ जुने. माउंट रोडवरील हॉटेलाचा कॉर्सिकन मालक ज्याकोमो दांजेलिस याने १९१० मध्ये सिम्पसन कंपनीच्या कारखान्यात बांधवून घेतलेले विमान मद्रासेत उडवून दाखवले. मराठी वाचकाला अधिक जिव्हाळ्याचा दाखला १९३२ चा आहे. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाचे चिमुकले पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला आणले, हे सर्वश्रुत आहे. मात्र ती डाक जुहूला थांबायची नव्हती, हे आपण बहुधा विसरतो. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती बल्लारीमार्गे मद्रासेस पोहोचवली. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीस आणलेली टपाल-पिशवी मद्रासेस पोहोचवणे हाच त्या उपक्रमाचा हेतू होता, आणि टाटांच्या नियमित हवाई वाहतुकीचा उगम या लंडन-मद्रास पत्रव्यवहारात आहे. अहमदाबादेस त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. जुहूची दलदल पावसाळ्यात निरुपयोगी होई म्हणून चार महिने सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. एखादा उतारू घेतलाच तर तो डाकेच्या पिशव्यांच्या सोबतीने बसे, आणि वर्ग त्या काळी एकच होता.

वर्ग मागाहून आले. युद्धानंतर विमाने मोठी झाली तेव्हा ती भरण्यासाठी अटलांटिकवर १९५२ मध्ये टुरिस्ट क्लास आणि १९५८ मध्ये इकॉनॉमी क्लास निघाला. सत्तरच्या दशकात सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला, आणि त्यातून एक विचित्र तंटा उभा राहिला. पेढीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी आयत्या वेळी पूर्ण भाडे भरून निघालेला गृहस्थ आणि तीन महिने आधी निम्म्याहून कमी पैशांत तिकीट काढून सहलीला निघालेले कुटुंब शेजारी शेजारी बसू लागले. गृहस्थाची तक्रार अशी, की पैसे मी मोजायचे आणि मांडीवर लेकरू मात्र दुसऱ्याचे. या तक्रारीची रुजुवात करून १९७८-७९ च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास आदी कंपन्यांनी फर्स्ट आणि इकॉनॉमी यांच्या मधोमध एक पडदा टांगला. त्या पडद्यामागे प्रथम फारसे काही नव्हते: खुर्ची किंचित रुंद, पेला काचेचा, शेजार आपल्यासारख्यांचा. क्रांती झाली ती २००० मध्ये. ब्रिटिश एअरवेजने या वर्गातली खुर्ची पूर्णपणे सपाट होणारी करून तिचे अंथरूण केले, दोन उतारूंना परस्परांच्या उलट तोंडांनी बसवून त्यासाठी लागणारी जागा साधली, आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक मातबर कंपनीला पलंगाच्या या चढाओढीत उतरावे लागले. पुढे २०१७ मध्ये कतारच्या कंपनीने त्या पलंगाला दारही बसवले. दार असलेला पलंग म्हणजे खोलीच झाली; चाळीत दोन खोल्यांसाठी आयुष्य वेचलेल्या आपल्या पिढीला आकाशात स्वतंत्र खोली मिळावी, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

सरकारनेही या भेदावर आपली मोहोर उठवली आहे. आपल्याकडे इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के आहे. त्यावरील वर्गांवर तो बारा टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के झाला. रेल्वेने १९७४ मध्ये थर्ड क्लास हे नाव पुसून टाकले तेव्हा समतेचा केवढा डांगोरा पिटला गेला होता! आकाशात तसा संकोच कोणी बाळगत नाही. वर्ग जितके अधिक तितकी मिळकत अधिक, आणि मिळकत अधिक तितका सरकारचा वाटा अधिक.

असो. पहाटे चारच्या लाउंजमध्ये, ज्याचे वर्णन करण्याजोगे काही नाही, जे उतारू भेटले त्यांच्यात ‘बिझनेस’ म्हणावेत असे थोडेच होते. श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडम येथील मोटार-कारखान्यांशी संबंधित दोन-तीन अभियंते, संगणकाच्या पडद्यातून मान वर न काढणारे काही तरुण, आणि बाकी सारे आईबाप. गुडघ्यांच्या, मणक्यांच्या, मधुमेहाच्या कारणाने मुलांनी ज्यांना या वर्गात बसवले आहे अशा वृद्ध आईबापांची ही जमात चेन्नईच्या विमानात इतकी मोठी आहे, की चाकांच्या खुर्च्यांची एक स्वतंत्र पलटण दारापाशी उभी असते. माझ्या ओळीत पलीकडच्या खिडकीपाशी बसलेल्या बाई त्यांपैकीच. मी फोनवर घरी मराठीत बोलत असल्याचे ऐकून त्यांनी होऊन विचारपूस केली, आणि त्यांची मराठी कानावर पडताच मी चपापलो. क्रियापदे ओळखीची, हेल मात्र तमिळ. त्या तंजावरी मराठी घराण्यातल्या. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. परंतु त्या राज्याच्या ओढीने दक्षिणेत उतरलेली कारकुनांची, शास्त्र्यांची आणि कीर्तनकारांची कुटुंबे तेथेच रुजली, तंजावराहून कुंभकोणम आणि मद्रास अशी पसरली, आणि साडेतीनशे वर्षे घरात मराठी बोलत राहिली. बाईंनी महाराष्ट्र उभ्या आयुष्यात एकदाच, पंढरपूरच्या निमित्ताने पाहिला होता. ‘तुमची मराठी फार कडक’, असा अभिप्राय त्यांनी दिला, आणि तो मी शिरोधार्य मानला.

विमान उठले तेव्हा पूर्व नुकती तांबूस झाली होती. समुद्राच्या बाजूला एक वळसा घेऊन त्याने पश्चिम धरली आणि सूर्य आमच्या शेपटीमागे उगवला. मी उजव्या, म्हणजे उत्तरेच्या खिडकीपाशी होतो. ऊन तोंडावर येण्याची भीती नव्हती आणि जमीन मात्र तिरप्या उजेडात शेताच्या बांधांसकट उठून दिसत होती. हे ७८७ जातीचे विमान. त्याची खिडकी जवळजवळ हातभर उंच असते. विमानाचा देह धातूऐवजी कर्बतंतूंचा असल्यामुळे आतल्या हवेचा दाब अधिक राखता येतो, एरवी आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखी विरळ होणारी हवा येथे सहा हजार फुटांइतकीच विरळ होते आणि तिच्यात ओलावाही बरा राहतो. हे सारे पुस्तकी ज्ञान, पण पाच तासांनंतर डोके दुखत नाही तेव्हा त्याची खातरजमा होते. रायलसीमेचे खडकाळ पठार सरले आणि सुमारे पाऊण तासाने होसपेटजवळचे तुंगभद्रेचे धरण दिसले. पावसाळा नुकताच संपलेला. पाणी काठोकाठ भरून खाचाखोचांतून शिरलेले, आणि मागून येणाऱ्या सूर्याने त्याची एक कड अशी उजळलेली, की धरणाच्या भिंतीची सरळ रेघ कागदावर आखावी तशी स्पष्ट दिसत होती. जवळच बल्लारी. व्हिन्सेंट ज्या बल्लारीस उतरले तिच्यावरून आम्ही उलट दिशेने चहाचा पहिला पेला संपण्याच्या आत निघून गेलो. पुढे काळी जमीन, तिच्यानंतर बेळगावचा हिरवा मुलूख, घाटाची तुटलेली कड, आणि त्या कडेखाली धुक्यात बुडालेले कोकण. देवगड-मालवणच्या किनाऱ्याची पांढरी किनार दोन मिनिटे दिसली असेल नसेल. मग अरबी समुद्र.

इडली-सांबार, वडा आणि उपमा असा नाश्ता आला, आणि त्यापाठोपाठ कॉफी. येथे मला एक शास्त्रीय गाऱ्हाणे मांडायचे आहे, ज्यात कोणत्याही कंपनीचा दोष नाही. दाक्षिणात्य कॉफीचे सारे इंगित डिकॉक्शनात: पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात दाबून बसवलेल्या भुकटीवर उकळते पाणी ओतून झाकण ठेवायचे, थेंब थेंब उतरू द्यायचे, आणि मग उकळत्या दुधाशी त्याची गाठ घालून डबरा-टंबलरमध्ये हातभर उंचीवरून खालीवर करायचे. सहा हजार फुटांच्या हवेत पाणी चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्यापुढे ते तापत नाही. शिवाय कमी दाबाच्या कोरड्या हवेत जिभेला मीठ आणि साखर नेहमीपेक्षा फिकी लागतात, हे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्साकरिता केलेल्या प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा आकाशातली कॉफी वाईट असणे हा निसर्गनियम होय. जे. आर. डी. टाटा या बाबतीत निसर्गाचीही गय करीत नसत. एअर इंडियाच्या विमानांतून प्रवास करताना ते पडद्यांच्या रंगापासून चहाच्या रंगापर्यंत प्रत्येक उणिवेची टिपणे करून अधिकाऱ्यांना धाडीत, आणि चहा रंगाने कॉफीसारखा दिसतो, अशी तक्रार त्यांनी लेखी केलेली आहे. सेवा म्हणजे भपका नव्हे, बारकाव्यांवरचे लक्ष होय, ही त्यांची समजूत वरच्या वर्गाचे भाडे भरणाऱ्यांपेक्षा न भरणाऱ्यांच्याच अधिक उपयोगी पडली असे मला वाटते.

नाश्त्याची तबके उचलली गेली आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. आम्ही ओमानच्या दिशेने सरकत होतो. चेन्नईच्या घड्याळात साडेआठ वाजायचे होते. बाहेर लख्ख ऊन, खाली निळा समुद्र. आणि खिडक्या मावळू लागल्या. या विमानाच्या खिडक्यांना ओढायची झापड नसते. काचेच्या थरांमध्ये एक द्रव्य असते, ते विजेच्या इशाऱ्याने गडद होते, आणि उतारूच्या हाताशी बटण असले तरी सर्व खिडक्यांचा मुख्य अंमल कर्मचाऱ्यांच्या हाती असतो. पाच पायऱ्यांनी बाहेरचे जग निळे, गर्द निळे आणि अखेर शाईसारखे झाले. छतावरचे दिवे जांभळे पडले. हवाई सुंदरीने हलक्या पावलांनी गाद्या आणि उश्या वाटल्या, आणि कोणाचा हुकूम सुटला नसतानाही एकामागून एक खुर्च्या आडव्या झाल्या. दहा-पंधरा मिनिटांत त्या चाळीसेक माणसांच्या वस्तीत मध्यरात्र झाली.

ही कोणा एका कंपनीची लहर नव्हे. दिवसाच्या लांब उड्डाणांत ही रीत जगभर दिसते. तिची समर्थनेही ठरलेली आहेत: पहाटे उठलेल्यांना विसावा हवा असतो, पडद्यावरची चित्रे उजेडात दिसत नाहीत, निजलेल्या उतारूंच्या मागण्या कमी असतात. सगळी खरी. परंतु मला त्यामागे व्यापाराचे एक साधे सूत्र दिसते. पलंग विकला आहे. पलंगाला रात्र लागते. निसर्गाने ती दिली नाही, तर ती बनवावी लागेल. इकॉनॉमीतल्या उतारूवर रात्र लादली तरी तो बसल्या जागी अवघडतच राहतो. ती खरी खपते ती येथे. ज्या उड्डाणाचे एकमेव ऐश्वर्य म्हणजे न संपणारी सकाळ, त्यात सर्वाधिक पैसे मोजणाऱ्यांकडूनच ती सकाळ आधी काढून घेतली जाते आणि तिचा मोबदला म्हणून त्यांना सर्वाधिक आरामाची काळोखी मिळते, आणि या सौद्याविरुद्ध कोणीही ब्र काढत नाही.

पलीकडच्या बाईंनी मात्र काढला. काळोख पडताच त्या गोंधळल्या. त्यांनी डोक्यावरचा वाचनाचा दिवा लावला, आणि दिवा लागताच, सवयीने, त्याला हात जोडले. चेन्नईत तेव्हा लोक कचेरीला निघाले असतील. सुंदरीने त्यांची खुर्ची आडवी करून देण्याचा प्रेमाने प्रयत्न केला. बाईंनी तो तितक्याच प्रेमाने परतवला. ‘दिवसाउजेडी परक्या माणसांत अंग कसे टाकायचे?’ असे त्या मला म्हणाल्या, आणि पदर सावरून, पाठ टेकवून, पाय मात्र पुढच्या चौरंगावर ऐसपैस पसरून बसून राहिल्या. गुडघ्याला हवे होते तेवढे त्यांनी घेतले. बाकीचा पलंग तसाच ठेवला. मला वाटते त्या विमानात बिझनेस क्लासाचा खरा उपयोग कोणाला कळला असेल तर तो त्यांना. एका उतारूसाठी येथे इकॉनॉमीतल्या उतारूच्या दुपटी-तिपटीहून अधिक जागा खर्च होते. त्याच हिशेबाने ब्रिटिश सरकारचे अधिकृत गणित बिझनेस क्लासच्या माणसामागे इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट कार्बन धरते. जे आकडे ऐकून मनुष्याला झोप येऊ नये, ते या वर्गात झोपेच्याच नावे मांडलेले आहेत.

मी सुंदरीला विनंती केली, की माझी खिडकी दोन पायऱ्या तरी मोकळी असू द्या. तिने ती सौजन्याने मान्य केली, आणि एका बोटाने दाबलेल्या बटणासरशी माझ्यापुरते निळसर जग परत आले. ओमानचे बोडके पहाड, मग वाळू, मग वाळूतून उगवल्यासारखी शहरे. तास-दोन तासांनी पूर्व तुर्कस्तानचे डोंगर आणि व्हानचे खारे सरोवर, ज्याला बाहेर पडायला वाटच नाही. नंतर काळा समुद्र, आणि ढगांच्या फटीतून डॅन्यूबचे वेटोळे. सावल्या फार सावकाश आखडत होत्या. माझे घड्याळ दोनवर आले तरी खालच्या गावांत दहा-साडेदहाचेच ऊन. भोवती सारे निजलेले, कोणाच्या कोपराचा स्पर्श नाही, कोणाचा प्रश्न नाही. वाचायला आणलेले पुस्तक मी उघडलेदेखील नाही. या वर्गात पैशांनी जे मिळते त्यातले हे मात्र खरोखर मोलाचे: कोणाला जाब न देता स्वस्थ बसणे. त्यासाठी पलंगाची गरज नाही आणि रात्रीची तर नाहीच.

उतरण्याच्या तासभर आधी खिडक्या पुन्हा उजळल्या. माणसे डोळे चोळीत उठली, आणि अकराच्या सुमाराला इंग्लंडच्या करड्या उजेडात त्यांना ‘सुप्रभात’ म्हटले गेले. पश्चिमेकडच्या या प्रवासाचा दंड संध्याकाळी भरावा लागतो: लंडनचे सहा वाजतात तेव्हा देह साडेदहाची वेळ सांगून आडवा होऊ पाहतो, आणि ज्यांनी सकाळीच झोप उरकली आहे त्यांना तर त्या रात्री तीनला टक्क जाग येते. पूर्वेकडे जाण्यापेक्षा ही शिक्षा सौम्य, कारण लांबलेला दिवस देह सहन करतो, आखडलेला करीत नाही.

हीथ्रोला चाकाची खुर्ची बाईंसाठी हजर होती. मी त्यांची पिशवी घेऊन बाहेरपर्यंत चाललो. मुलगा उभा होता. पाया पडून झाल्यावर त्याने पहिला प्रश्न केला तो पलंगाचा: सपाट झाला का, झोप लागली का? बाईंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, जे अजून चेन्नईचे चार वाजून गेल्याचे सांगत होते, आणि खुर्ची चांगली होती, पाय सुजले नाहीत, अशी पोच देऊन त्या थेट कॉफीवर घसरल्या. मुलगा हसला. सकाळी निघतानाच फिल्टर भरून ठेवलाय, म्हणाला. घरी पोहोचेपर्यंत उतरला असेल.